कुलूप लागणारी बर्फपेटी

तीर्थस्वरूप भावोजी,

साष्टांग नमस्कार. (घातला खरा, पण कंबर धरल्यामुळे उठायला वेळ लागला; तेवढा आदर जास्तीचा समजा.) तुमची तब्येत, ताईचे गुडघे, सगळं ठीक ना? इकडे माझा जीव टांगणीला लागला आहे. गेल्या वेळी तळ्यावरून परतताना "पुढच्या खेपेला तू घरीच बस" म्हणालात, तेव्हापासून धड जेवण जात नाही. तुम्ही धरलेले सगळे मासे वाटेतच खराब झाले, हे कबूल. पण दोष पेटीचा होता. म्हणून मासेमारीसाठी नवी बर्फपेटी घ्यायचं मनावर घेतलं.

दुकानात दोन होत्या. एक साधी, हलकी, खिशाला परवडणारी. दुसरी भारीतली, जाड भिंतींची, झाकणाला रबरी पट्टी असलेली. रिकामी उचलतानाच माझ्या तोंडाला फेस आला. दुकानदार म्हणाला, हिच्यात बर्फ दिवसचे दिवस टिकतो. म्हणायला काय जातंय! मी दोन्ही घरी आणल्या (पसंत न पडेल ती परत करायच्या बोलीवर), दोन्हींत सारखा बर्फ भरला आणि मधे स्टूल टाकून बसलो. बसलो म्हणजे काय, जरा जरा वेळानं झाकणं उघडून पाहत होतो. न पाहता कळणार कसं? संध्याकाळपर्यंत दोन्हींत पाणी. मी दुकानदाराच्या नावानं खडे फोडणार, एवढ्यात बायको म्हणाली, "अहो, पेट्यांना कशाला बोल लावता? आधी तुमचे हात आवरा." मग तिनंच भारीतल्या पेटीची कुलूप लावायची भोकं दाखवली. साधीला ती नाहीत. झाला निर्णय!

तेव्हा भावोजी, भारीतली ठेवली आहे. पेटी माझ्याकडे, किल्ली तुमच्याकडे. ती सोबत पाठवतो आहे. झाकणच काय, तुम्ही सांगितल्याशिवाय गळसुद्धा ओढून पाहणार नाही. तुमच्या शेजारी काठावर बसण्यात जे सुख आहे, ते मला दुसरीकडे कुठे मिळत नाही. रविवारी न्याल ना?

तुमचा,
मेहुणा

ता. क. हे पाकिटाच्या मागे लिहितो आहे, कारण किल्ली आत घालून पाकीट चिकटवलं. आज नव्यानं बर्फ भरला तेव्हा, झाकण न उघडता तो पाहता यावा म्हणून मी बायकोचा मोबाइल व्हिडिओ सुरू करून पेटीत ठेवला होता. तो आतच राहिला. तिला अजून माहीत नाही. पाकीट फाडायला हात शिवशिवताहेत, पण फाडलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

आणखी एक ता. क. पेटीत फोन वाजतो आहे. बहुधा तुमचाच असेल, आणि "चल" म्हणायलाच केला असेल, अशी आशा आहे. आवाज दबावा म्हणून मी झाकणावर उशी टाकून वर बसलो आहे. बायको स्वयंपाकघरातून विचारते आहे, "माझा फोन कुठे वाजतोय हो?" पाकीट हाती पडताच किल्ली घेऊन निघा. तोवर मी इथून हलत नाही.