दांडा शेवटपर्यंत मोडला नाही

रविवार, ७ सप्टेंबर, सकाळी
गणपती काल गेले. उद्यापासून पितृपक्ष. त्यात नवीन काही सुरू करू नये, असं विजयश्री म्हणते. बायको म्हणून तिला तो अधिकार आहे. म्हणून सायकलिंग आजच सुरू.

शुगरचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या, त्या मी निघेपर्यंत खाली आल्या नव्हत्या. नवी सायकल घेणार नाही. लेकीची, रश्मीची, आठवीतली सायकल बाल्कनीत पडून आहे. फ्रेम उत्तम. चांगली वस्तू टाकून नवी आणायची हा हल्लीचा रोग आहे. आणि वस्तू चांगली की वाईट हे मला कळत नसेल तर कुणाला? चाकणला क्वालिटी हेड आहे मी. दिवसभर दुसऱ्यांचा माल रिजेक्ट करतो.

सायकल थोडी लहान पडते. म्हणजे मी थोडा उंच पडतो. उपाय सोपा : सीट वर घेतली. सीटपोस्ट (विजयश्रीच्या भाषेत ‘सीटचा दांडा’) जवळजवळ सगळा बाहेर काढला, आत दोन बोटं राहू दिला. वर बसल्यावर आमच्या निगडी प्राधिकरणातल्या लोकांच्या कंपाउंडवरून त्यांची अंगणं दिसतात.

रश्मी म्हणाली, बाबा, उंटावर बसल्यासारखे दिसताय. दुर्लक्ष केलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर
कंपनीला सुट्टी. भक्ती-शक्ती चौकापर्यंत जोरात गेलो. परतताना स्पीडब्रेकरवर दांडा मागे वाकला. मी आरामखुर्चीत बसल्यासारखा आभाळ बघत घरी आलो. वॉचमनने गेट उघडताना विचारलं, साहेब, नवीन मॉडेल का?

पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय मूळ कारण हाती लागत नाही, हे मी दर महिन्याला ट्रेनिंगमध्ये शिकवतो. तेच घरी केलं. का वाकला? मटेरियल हलकं. का हलकं? बनवणाऱ्याने पैसे वाचवले. का वाचवले? नीयत. नीयत अशी का? देशात क्वालिटीची संस्कृती नाही. पाचव्या ‘का’च्या आधी पोहे आले.

शनिवार, १३ सप्टेंबर
तळेगावहून नानासाहेबांचा फोन. रश्मीने त्यांच्या मुलाला, समर्थला, स्वतःच पसंत केलंय. आम्हा चौघांचं काम उरलंय ते होकार देण्याचं आणि जेवणाचं. पितृपक्ष संपला की दसऱ्याला त्यांच्याकडे सुपारी फोडायची, असं ठरलं.

नानासाहेब गावची जुनी असामी. जमीन, डेअरी, बोटांत मावतील तेवढ्या अंगठ्या. म्हणाले, आमचं पोरगं सायकल का चालवतं त्येच कळंना, तीन गाड्या दारात हायत. मला ते लागलं. व्यायामाचा अपमान वाटला. म्हटलं, नानासाहेब, दसऱ्याला मी स्वतः निगडीहून तळेगावला सायकलवर येणार.

फोनवर खदाखदा हसू. मग म्हणाले, या की! पर येळंवर या. पोरीच्या बापाबिगर सुपारी फुटायची न्हाई, अन् मुहूर्त काय तुमच्या सायकलीसाठी थांबायचा न्हाई.

रश्मीचा चेहरा पडला. म्हणाली, बाबा, त्या दिवशी तरी काही करू नका. ही लग्नाची धास्ती. होतं मुलींचं.

सोमवार, १५ सप्टेंबर
नवा सीटपोस्ट आणला. अल्युमिनियम. काळा, देखणा, पहिल्यापेक्षा लांब. त्यावर एक रेघ कोरलेली आहे आणि इंग्रजीत लिहिलंय की दांडा या रेघेपर्यंत आत असलाच पाहिजे. हसू आलं. अशा रेघा सामान्य गिऱ्हाइकांसाठी असतात. ज्याला सेफ्टी फॅक्टर कळतो त्याने रेघ वाचावी आणि सोडून द्यावी.

रेघ फ्रेमच्या वर वीतभर आली. वरून छान दिसते.

गुरुवार, १८ सप्टेंबर
देहूरोडला मोडला. दांडा आवळणाऱ्या क्लॅम्पच्या कडेला, सुरीने कापल्यासारखा. सुदैवाने मी तेव्हा उताराचा आनंद घेण्यासाठी किंचित उठलो होतो. घरापर्यंत उभ्याने पॅडल मारत आलो. सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, काका, बसा की! सांगणार काय?

निष्कर्ष : अल्युमिनियम थकतं. त्याच्यात सहनशक्तीच नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
कंपनीत एका व्हेंडरला बोलावून झापलं. त्याच्या असेंब्लीत पिन मोडतेय आणि हा गृहस्थ तीन महिने पिनचं मटेरियल बदलतोय! मी ड्रॉइंग पुढ्यात टाकलं. म्हटलं, पिन भोकात जेमतेम टेकलीय, आत गेलीच नाही. अशी पिन सोन्याची केलीत तरी मोडणार. तो खाली मान घालून ऐकत होता. ट्रेनींनी लिहून घेतलं.

माणसं समोरचं कारण सोडून मटेरियलवर का घसरतात, मला खरंच कळत नाही.

येताना कार्बनचा सीटपोस्ट ऑर्डर केला.

मंगळवार, २३ सप्टेंबर
कार्बन आला. विमानं याचीच करतात. हातात घेतला तर आहे की नाही कळत नाही. समर्थ रश्मीला सोडायला आला होता, त्याने सायकलला एक चक्कर मारली. म्हणजे सायकलभोवती, पायी. म्हणाला, काका, फ्रेम लहान आहे, माझी दुसरी सायकल तुमच्या मापाची आहे, घेऊन येऊ का? मुलगा गुणी आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये आहे, लोखंडाशी संबंध नाही. आणि होणाऱ्या जावयाच्या सायकलवर बसून त्याच्याच बापाच्या दारात जाऊ?

क्लॅम्प आवळताना पान्याला पाइप लावून जोर दिला. ‘कट’ असा आवाज आला. म्हणजे जागेवर बसला.

गुरुवार, २५ सप्टेंबर. उभ्याने लिहितोय.
पार्किंगच्या बाहेरसुद्धा पडलो नाही. कार्बन मोडत नाही, पिंजतो. खराट्यासारखा. शेवटच्या क्षणी मी नेमका कुठे टेकलो ते लिहीत नाही. विजयश्रीने गरम पाण्याची पिशवी दिली आणि विचारलं, विमानं याचीच करतात ना?

ती म्हणते नानासाहेबांना फोन करा, गाडीने येतो म्हणा. अशक्य. शब्द दिलाय. दसऱ्याला व्याह्यांच्या दारात मी मोटारीतून उतरलो तर रश्मीच्या लग्नापर्यंत, आणि नंतरही, प्रत्येक पंगतीत सायकल वाढली जाईल.

रविवार, २८ सप्टेंबर
आता दुकानातला माल बस्स. भोसरीला रोहिदासच्या वर्कशॉपमध्ये गेलो. आमची जुनी ओळख. लेथवर काहीही करून देतो, ‘नाही’ हा शब्द त्याच्याकडे नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं स्टील घेतलं. भरीव. वर हीट ट्रीटमेंट. रोहिदासही रंगात आला. म्हणाला, साहेब, याला ट्रक लटकवा, भुईला टेकला तर नाव बदलतो. आधी रेघ मारू का विचारत होता, तिसऱ्या चहानंतर म्हणाला, कशाला रेघ? असल्या मालाला रेघ म्हणजे संशय.

मलाही पटलं. रेघच नाही, म्हणजे प्रश्नच नाही.

सायकल आता जरा जड झाली आहे. लिफ्टमध्ये नेताना शेजारच्या गोजाबाईंनी हात लावला. त्यांना वाटलं गॅस सिलिंडर आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी
कंपनीत मशिनांची पूजा. झेंडूच्या माळा, पेढे, फोटो. घरी सायकलची पूजा. विजयश्रीने दांड्याला हळदकुंकू लावलं आणि बोटाने मोजल्यासारखं करत विचारलं, अहो, हा आत किती आहे? म्हटलं, दोन बोटं. ती म्हणाली, बरणीत चमचा उभा राहावा तसा उभा आहे हा. आत ढकला.

ढकलला तर माझे गुडघे हनुवटीला लागतात, हे तिला सांगून उपयोग नाही. म्हटलं, आज खंडेनवमी. पूजा झालेलं अवजार हलवायचं नसतं. ती हळदकुंकवाचं ताट उचलून आत गेली. आपल्या रूढींमागे किती विचार आहे!

नंतर ती बाल्कनीत समर्थशी फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. लाडवांबद्दल असावं.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा, सकाळी
निघतोय. डोक्याला हेल्मेट, खिशात आपट्याची पानं. विजयश्री आणि रश्मी मागून गाडीने येणार. रश्मीने वाकून नमस्कार केला, तेव्हा तिचे डोळे भरले होते. बापाचा अभिमान.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण उद्यापासून लोक काहीही सांगतील.

सोमाटण्यापर्यंत दांडा खांबासारखा होता. मी ट्रकवाल्यांना हात करत होतो. मग स्पीडब्रेकर. दांडा मोडला नाही, हे आधी नोंदवतो. वाकला नाही. चराही पडला नाही. त्याच्याभोवतीची फ्रेम शेंगेसारखी उकलली. सायकल पुढे गेली. मी रस्त्यावर बसलो होतो, सीट माझ्याखाली होती आणि दांडा सीटला होता. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी सीटवरून पडलोच नाही.

योगायोग असा की, नानासाहेबांच्या डेअरीचा पिकअप नेमका मागेच होता, समर्थ चालवत होता. देहूरोडपासून इंडिकेटर लावून कुणीतरी हळूहळू येतंय असं मला वाटत होतं. पिकअपमध्ये गादी अंथरलेली होती. गादी ओळखीची वाटली. आमच्याच पाहुण्यांच्या खोलीतली.

समर्थने मला पालथं झोपवलं. म्हणाला, काका, मुहूर्ताला वेळ आहे, आरामात जाऊ. दुधाच्या कॅनच्या मध्ये दांडा कुशीत घेऊन मी तळेगावात शिरलो. वेशीवर ओळखीच्या माणसाने हात केला. मीही केला.

सुपारी वेळेवर फुटली. मी दोन उशांवर होतो. रश्मी शेजारी येऊन बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत माझा हात सोडला नाही. नानासाहेबांनी सायकलचा विषय काढला नाही, याचं आश्चर्य वाटलं. जेवताना फक्त दांडा मागून घेतला, हातात तोलला आणि म्हणाले, माल लई भारी हाय, राव! इतक्या लोकांत त्या एकट्याला पारख.

तो मी त्यांना भेट दिला. समर्थच्या मुलाबाळांना होईल.

रविवार, १२ ऑक्टोबर
आज तळेगावला गेलो. मोटारीने. सायकलची फ्रेम काल भंगारात दिली, रश्मीने घंटी तेवढी काढून ठेवली.

नानासाहेबांनी गोठा दाखवायला नेलं. दारातच माझा दांडा. जमिनीत ठोकलेला, वर जेमतेम चार बोटं, आणि त्याला काळीभोर म्हैस बांधलेली. एवढा सुंदर शाफ्ट, सगळा मातीत! मला राहवलं नाही. विचारलं, नानासाहेब, इतका आत का घातला?

ते चक्रावले. म्हणाले, म्हंजी? वर हातभर ठिवला अन् आत दोन बोटं घातला, तर म्हस दांडा घिऊन घरी जाईल की, पावणं!

समर्थला खोकला आला. रश्मी म्हशीकडे बघायला लागली. विजयश्री माझ्याकडे.

मी दांड्याकडे. म्हैस सगळा वेळ ओढत होती, मान वळवून, पाय रोवून, जीव खाऊन. दांडा तसूभर हलला नाही. मटेरियलची निवड योग्यच होती, हे आज सगळ्यांसमोर सिद्ध झालं.

उद्यापासून चालायला जाणार. बुटांचे सोल कशाचे असतात ते आधी बघितलं पाहिजे.