ताईच्या तीनशे बारा ओळी

१ जून, सकाळ
साइटचं पत्र आलं. तीस तारखेला कायमची बंद. सदस्यांनी आपापले ब्लॉग उतरवून घ्यावेत. एके काळी इथं अख्खं गाव नांदायचं. आता ‘कोण ऑनलाइन आहे’ या चौकटीत मी एकटा. माझ्या ब्लॉगची वाचकसंख्या मात्र एकेचाळीस हजार. अजूनही रोज वाढते. मी बघायला गेलो की एकाने वाढते, हा योगायोग.

२ जून
भाचीचा फोन. म्हणाली, “मामा, तुझं साहित्य राहू दे बाजूला, आधी आईच्या कमेंट्स काढून घे. तिच्या हातचं आमच्याकडे दुसरं काही नाही, किराण्याच्या याद्या सोडल्या तर.” साइट फक्त सदस्यांनाच उघडते, म्हणून तिने पासवर्ड मागितला. म्हटलं, विद्या देता येते, पासवर्ड नाही. दोन दिवसांत मीच देतो. शुभस्य शीघ्रम्.
ताईला जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या प्रत्येक लेखाखाली तिची एक ओळ असे.

५ जून
आरंभ. पहिला लेख, ‘मौनाचे महत्त्व’, पानं अकरा. खाली ताईची ओळ. आशय असा की, मौनाला अकरा पानं लागू नयेत. शब्द इथं उतरवत नाही, तिथं आहेतच.
पण मूळ लेखच गबाळा असेल तर टीकेची खुमारी भाचीला कशी कळणार? निश्चय : आधी लेख सुधारायचे, मग सगळं एकदम उतरवायचं. रोज पंधरा.

९ जून
एकूण पाच झाले. पाठ धरली आहे. साइटने कोपऱ्यात सूचना दिली : तुमच्या ताई बरेच दिवस दिसल्या नाहीत, त्यांना हाक मारा! खाली बटण. यंत्राला तारतम्य नसतं. दाबलं नाही.

९ जून, दुपार
दाबलं. चुकून. ‘हाक पोहोचली’ असं उत्तर आलं. मग उगाचच तासभर खुर्चीतून उठलो नाही.

१५ जून
शोध लागला. ताईचं बरोबर होतं. ज्या परिच्छेदात तिला डुलकी लागली, त्यात आज मलाही लागली. काढून टाकला. जिथे जिथे तिने टोचलं, तिथे तिथे कात्री. हयातीत तिचं एक ऐकलं नाही, आता सगळं ऐकतो आहे. काम भलतंच जोरात. ती मागे उभी राहून वाचते आहे असं वाटतं. वळून पाहिलं नाही.

२१ जून
भाचीचा चौथा फोन. “झालं का रे?” म्हटलं, घाईने कामं नासतात. म्हणाली, “मामा, आळसानेही नासतात.” आईवर गेली आहे.

२४ जून
तीनशे बारा लेख निर्दोष! ताई असती तर गप्प झाली असती.

२५ जून
उतरवायला बसलो. पहिल्या लेखाखाली : शून्य प्रतिक्रिया. दुसऱ्याखाली शून्य. शंभराव्याखाली शून्य. मदतीचं पान आज प्रथमच वाचलं. लेख दुरुस्त करून पुन्हा प्रकाशित केला की खालच्या जुन्या प्रतिक्रिया पुसल्या जातात. परत मिळत नाहीत. दर वेळी एक खिडकी ‘नक्की ना?’ असं विचारत होती. मी तीनशे बारा वेळा ‘नक्की’ म्हणालो.

२६ जून
काही लिहिण्यासारखं नाही.

२७ जून
घाबरण्याचं कारण नाही. पाठांतरात हयात गेली आहे. ताईच्या ओळी आठवून लिहून काढायच्या. भाचीला सांगायची गरज नाही.

३० जून
साइट बंद झाली. पांढरं पान. आमचं बाड मात्र तयार. पाठवलं.

४ जुलै
भाचीचा फोन. रागावली नाही, तेच वाईट. एक ओळ वाचून दाखवली : “बंधो, तुझी शैली प्रौढ असली तरी विस्तारदोषाने ग्रस्त आहे.” मग म्हणाली, “आई चार शब्दांच्या वर कधी गेली नाही. हा तूच आहेस, मामा.”
मग सगळं सांगितलं. खिडकीसकट.
तिने एवढंच विचारलं, एखादी तरी खरी ओळ आठवते का, जशीच्या तशी. डोळे मिटून बसलो. माझे लेख आठवत गेले, परिच्छेदांसह. म्हटलं, आशय सगळा आठवतो.
म्हणाली, “आशय मलाही आठवतो रे.”