मधलं ‘हूं’

प्रिय धाकट्या,

तुझं पार्सल पोचलं. फोनच केला असता, पण फोनवर तू घाईत असतोस आणि मला रडू येतं, म्हणून लिहायला बसले.

बाबा बरे आहेत म्हणायचं. जेवतात, नखं कापू देतात. माझं नाव मात्र विसरलेत, ‘अहो बाई’ म्हणतात. परवा मला विचारत होते, तुम्हाला काही जुनी गाणी येतात का? जन्मभर लोकांच्या दारात उभं राहून हेच विचारलं, ते बरोबर लक्षात आहे. मग मीही एक कडवं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सभ्यपणे म्हणाले, राहू द्या.

तुला आठवत असेल, टेपरेकॉर्डर घेऊन गाणी गोळा करायला निघाले की त्यांना आईला न्यावंच लागायचं. परक्या पुरुषासमोर बायका तोंड उघडायच्या नाहीत. आई त्या बायकांशेजारी फतकल मारून बसायची, त्यांच्या हातातलं काम ओढून घ्यायची आणि ओळ संपली की ‘हूं’ म्हणायची. त्या ‘हूं’वर पुढची ओळ यायची. ती गप्प बसली की गाणारीही गप्प. घरी आल्यावर बाबा हेडफोन लावून कपाळाला हात लावायचे. सगळं छान जमलंय आणि हिचं मध्येच हूं. आई म्हणायची, पुढच्या खेपेला माझ्याऐवजी खुर्ची न्या बरोबर. गाण्याच्या आधी-नंतरच्या तिच्या गप्पा, तिचं हसणं, सगळं त्यांनी कापून टाकलं. हूं गाण्यातच अडकलेलं, म्हणून तेवढं वाचलं.

ती गेल्यावर बाबा रोज विचारायचे, ही कुठंय? मी खरं सांगायचे आणि ते दर वेळी नव्यानं रडायचे. शेवटी मी सांगणं सोडलं. दुपारी टेप लावायला लागले. ओळ संपायची, हूं यायचं, आणि बाबा मान न वळवता करवादायचे, जरा हळू गं. मग निवांत व्हायचे. ही इथंच आहे, एवढं त्यांना पुरायचं. मीही दाराआड उभी राहून ऐकायचे. तिचा दुसरा आवाज आपल्याकडे नाहीच. हे तुला सांगायला हवं होतं. तू टेपा न्यायला आलास तेव्हा त्या झिजत चालल्या होत्या, नेणं शहाणपणाचंच होतं, म्हणून गप्प बसले.

तू जीव ओतून काम केलंयस. आवाज साफ करणं हा तुझा धंदाच. खरखर गेली, कुत्र्याचं भुंकणं गेलं, बाई समोर बसून गातेय असं वाटतं. बाबांना कळत असतं तर कौतुकानं तुझी पाठ थोपटली असती, असं काही लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

काल दुपारी तू पाठवलेलं पहिलं गाणं लावलं. ओळ संपली, थोडी शांतता, मग पुढची ओळ. दर वेळी त्या जागेवर बाबा मान वर करत होते. गाणं संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, “ही गेली का?” मला हो म्हणावं लागलं. जुन्या टेपा आता टाकून देतो, असं तू चिठ्ठीत लिहिलंयस. टाकू नकोस रे. खरखरीसकट, आहेत तशा पाठव.

तुझीच,
ताई