डाव्या हातानं काढलेला डबा

अण्णा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, म्हणून आता उलट बोलते. तुमची पणती इथं अमेरिकेत, एडिसनला शाळेच्या टीममधे सॉफ्टबॉल खेळते. बॉल टाकायचं काम तिचं. मागच्या आठवड्यात मी पोळ्या लाटतेय आणि ती शाळेसाठी लिहिलेलं मला सांगतेय. जुन्या काळचा कुणी बेसबॉलवाला. वीटभट्टीवरचा पोरगा, बॉल टाकायचा पगार घेणाऱ्या पहिल्यांतला. टीममधे टाकणारा हा एकटाच, रोज मॅच, रोज हाच. मालकानं चार वर्षं पिळून घेतला. सत्ताविसाव्या वर्षी हात वर होईना, तर त्याच मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायला बसवला. "आजी, सो सॅड ना?" "सॅड कसलं? दुखतंय म्हणायला तोंड नव्हतं का मेल्याला?" म्हटलं मी, आणि तव्यावरची पोळी करपली.

तुम्हालाही नव्हतं. गिरणीत तुम्ही मागावर होतात ते कागदावर, खरी नोकरी गिरणीच्या क्रिकेट टीममधे बोलिंगची. संध्याकाळी मी तुमच्या खांद्याला तेल चोळतेय, तुम्ही दात आवळून बसलाय. "बाहेर बोललीस तर जीभ हासडीन." मॅच जिंकलात की माझ्या हातावर लिमलेटच्या गोळ्या. मग खांदा गेला, तुम्हाला गिरणीच्या दारावर वॉचमन केलं आणि माझी शाळा चौथीत सुटली.

पोळ्या झाल्या तसा पोरीनं वरच्या फळीवरचा तुपाचा डबा काढला, डाव्या हातानं. तुम्ही शेवटी शेवटी असाच डाव्या हातानं भांग पाडायचात. मी तिचा उजवा खांदा दाबला, तशी किंचाळली. "आजी, डॅडला सांगू नको, प्लीज! शनिवारी फायनल आहे." मी त्याच दिवशी सांगितलं. डॉक्टरनं सहा महिने बॉल बंद केला, फायनल बुडाली. आता मी दिसले की दार आपटते. सून म्हणते, "आई, बरं केलंत." बरं कसलं, मला पुन्हा कुणाचा खांदा चोळायचा नाही, एवढंच.

हा कागद तिच्याच वहीचा फाडलाय. चुलीत टाकला असता, तर इथं चूलही नाही. त्या तुपाच्या डब्याखाली ठेवीन. तुमच्या धाकानं गप्प बसले, असं आयुष्यभर सांगत आले, अण्णा. खोटं आहे ते. तुम्ही खेळायचं थांबलात तर गोळ्या बंद होतील, म्हणून गप्प होते.