डोळ्यांत हळद जात नाही

माय, तुला अक्षर येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसही, तरी आज भरदुपारी ओट्यावर बसून मी तुला लिहायला घेतलं आहे. माझी शाळा पाचवीपर्यंतची, तीही परीक्षा न देता सुटलेली, तेव्हा अक्षर वाकडं येईल, काना-मात्रा इकडंतिकडं होईल. तू कुठं तपासणार आहेस. घरात हे बोलावं असं माणूस नाही. सून चांगली आहे, पण काही सांगायला गेलं की आधी रडते, आणि मला रडकी माणसं सोसत नाहीत हे तुला माहीत आहे.

झालं असं की माझ्या काखेत एक गाठ लागली. दुखत नाही, नुसती आहे. पोरानं हिंगोलीला दवाखान्यात नेलं, तिथं सुई टोचून काहीतरी तपासायला पाठवलं, आणि परवा आम्ही मायलेक निकाल विचारायला गेलो. डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा," आणि पोराला आत ठेवून घेतलं. पोरगं बाहेर आलं ते तोंड धुवूनच. "काही न्हाई आई, साधी गाठ हाय," म्हणाला. साध्या गाठीसाठी तोंड धुवावं लागतं का? घरी आल्यावर त्यानं शेतातली मोटार तशीच चालू सोडली, पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या तुरीत गेलं. मी गल्लीला ऐकू जाईल असं बोलले त्याला. आणि तो मान खाली घालून म्हणाला, "बरं आई. चुकलं माझं." माय, हे पोरगं दात आल्यापासून माझ्याशी भांडत आलं आहे. त्याच्या तोंडून "बरं" निघालं आणि मी पुढचं बोलणं सोडून घरात गेले.

तुझी आठवण मात्र त्याच्याही आधी आली, तिथंच हिंगोलीत. पोरगं औषधाच्या दुकानात गेलं आणि मी बसस्टँडजवळ सावली बघून उभी राहिले, तर तिथं मांडव टाकून पुस्तकं विकायला ठेवलेली. मी आत गेले. चष्म्याची एक पोरगी बसली होती, ती मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणते, "काकू, पाककृतीची पुस्तकं त्या टेबलावर आहेत." मी म्हणाले, "मला सैपाक येतो. तू मला आकाशाचं हाय का दाखव." ती बिचारी उठून उभीच राहिली. काय काय होतं तिथं, माय! झाडं एकमेकांशी कशी वागतात त्याचं एक, झोपेचं एक, मिठाचं एक, आठ पायांच्या समुद्रातल्या जनावराचं एक. एक तर नुसतं रेतीबद्दल, एवढं जाड. कादंबऱ्यांकडं मी वळलेच नाही, ती खोड तुझ्याकडून आलेली. शेवटी माणसाच्या शरीराचं एक दिसलं, गुळगुळीत कागदाचं, आतल्या सगळ्या अवयवांची रंगीत चित्रं. त्याला मी हात लावला नाही. झाडाचं आणि रेतीचं घेतलं आणि बाहेर आले.

तुला आठवतं का, आपल्याकडं पुस्तकं कशी आली? वाचनालय म्हणजे चावडीच्या मागच्या खोलीतलं एक पत्र्याचं कपाट, आणि किल्ली शाळेच्या सरांच्या खिशात. सरांनी पहिल्यांदा मला कादंबरी दिली होती, म्हणाले बायांना आवडते. मी तुला वाचून दाखवली. तू तीन-चार पानं ऐकलीस, डोळे पुसलेस, आणि विचारलंस, "ही बाई कोन्या गावची?" मी म्हणाले, गावची नाही, लिहिणाऱ्यानं मनानं रचली. तू एकदम भडकलीस. "नव्हतीच? मंग मला काहून रडवायलीस तिच्यापायी? हितं खऱ्या बाया कमी हायत का रडायला? दे वापस. खरं काय आसंल तर आन म्हनावं." तेव्हापासून आपण खरंच आणायचो. त्या पुस्तकांची नावं मला आता आठवत नाहीत, आपण नावानं कधी बोलवलंच नाही त्यांना. आकाशाचं, सापाचं, समुद्राचं, मधमाशीचं, शरीराचं. जनावरांना नावं ठेवावीत तशी.

आणि वाचायची जागा म्हणजे मालकाचं हळदीचं खळं. हळद खणून आणलेली, ढीग पडलेले, तुम्ही दहाबारा बाया गोल बसून गड्ड्यांची हळकुंडं मोडून वेगळी करता आहात, आणि मी पोत्यावर बसून मोठ्यानं वाचते आहे. मालक पहिल्या दिवशी येऊन तुझ्यावर ओरडला होता, "पोरगी बसवून ठेवली व्हय गं? तिचे हात काहून चालंनात?" तू मान वर न करता म्हणालीस, "हात न्हाई, तिचं तोंड कामाला लावलंय. सकाळधरनं एक बी बाई तंबाखूला उठली का, इचारा." खरंच एकही उठली नव्हती. चंद्रावर हवा नाही इथपर्यंत आलं होतं वाचन, उठणार कोण? मग तोच कधीकधी काठी टेकून उभा राहायचा आणि आपलं काहीच नाही असं दाखवत ऐकायचा. माझं पान संपलं की तू म्हणायचीस, "मंग?" मी थांबले की मंग? मी खोकले की मंग? माझी शाळा सुटली खरी, पण तुझ्या त्या "मंग"नं माझं वाचन सुटू दिलं नाही.

सापाच्या पुस्तकानं तर तू भांडणं लावलीस. नागपंचमीला सगळ्या बाया वारुळाला दूध ओतायला निघालेल्या, आणि तू काकूच्या हातातला तांब्या धरलास. "जाऊबाई, त्याला दूध पचत न्हाई. लेकराला पाजा घरी जाऊन." काकू चिडून म्हणाली, "तुला नागोबानं येऊन सांगितलं का?" तू म्हणालीस, "त्यानं न्हाई सांगितलं, पोरीनं वाचलंय." वर्षभर काकू तुझ्याशी बोलली नाही. तुला फरक पडला नाही. खरं कळलं की ते गप गिळून बसणं तुला जमायचं नाही, तुझा तोच गुण माझ्यात उतरला आहे. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणू दे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

ज्या साली मी लग्नाची झाले, त्या हंगामात तुझं जेवण तुटलं. अंगाला खाज सुटायची, संध्याकाळी तू भिंतीला पाठ घासत बसायचीस. आणि तू पिवळी पडत होतीस. पण कोणाला कळावं? हळदीच्या दिवसांत आपल्या गावात कोणती बाई पिवळी नसते? हात पिवळे, नखं पिवळी, लुगड्याचा पदर पिवळा, भाकरीवर बोटं पिवळी उठायची. बाया तुझी थट्टा करायच्या, "काय गं, औंदा तूच नवरी व्हायलीस का?" तूही हसायचीस. मीही हसले, माय. हंगाम संपला, खळं झाडून झालं, बाकीच्या बायांचे हात धुऊन धुऊन निघाले आणि तुझा रंग काही उतरेना. घरातले म्हणाले, तिनं सगळ्यांपेक्षा जास्त काम केलं, अंगात मुरली आहे. शेवटी तूच एका सकाळी आरशाचा तुकडा घेऊन अंगणात उजेडाला बसलीस, खालची पापणी ओढून बघत राहिलीस, आणि मला हाक मारलीस. "हे पाह्य. हाताला लागती, नखात जाती. डोळ्यांत कुठून जाईल हळद?"

बा तुला नांदेडला घेऊन गेला. परत आला तो बोलायचा बंद होऊन. दारात मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिला काय बी सांगायचं न्हाई. कावीळ हाय, उतरंल, एवढंच म्हनायचं. आपल्यात सांगत नसतेत." मला त्यानं खरं सांगितलं ते एका वाक्यात, पाठ फिरवून. मग तुझ्या गळ्यात काविळीची माळ आली, मुळ्यांचा काढा आला, येणारी प्रत्येक बाई "उतरंल गं, उतरंल" म्हणून जायची. आणि आयुष्यभर तुझ्यावर खेकसणारा बा आडावरून स्वतः पाणी शेंदून आणायला लागला. तू ते बघत होतीस. तू पलंगावर पडून सगळं बघत होतीस.

मग एक दिवस बा शेतात गेला आणि तू म्हणालीस, "शरीराचं आन." मी म्हणाले, कशाला, समुद्राचं अर्धं राहिलं आहे, ते वाचू. "शरीराचं," तू म्हणालीस. सर कपाट उघडताना माझ्याकडं बघत राहिले, पण त्यांनी दिलं. काळजाच्या खाली उजवीकडं जे असतं, त्याचं पान काढायला तू सांगितलंस. पित्त कसं तयार होतं, कोणत्या नळीनं जातं, ती नळी गाठीनं दाबली गेली तर डोळे आणि कातडी कशी पिवळी पडते, सगळं लिहिलेलं होतं. त्याच्या खाली अशी गाठ उशिरा कळली तर काय होतं, तेही होतं. तिथं आल्यावर मी पान उलटायला हात घातला आणि तू माझं मनगट धरलंस. अंगात शक्ती नव्हती तुझ्या, पण त्या दिवशी मला ते सोडवता आलं नाही. "जे लिवलंय ते वाच. तुला मी खोटं ऐकायला वाचायला लावलं व्हतं का?" मी वाचलं. "परत एकदा वाच." परत वाचलं.

तू माझं मनगट सोडलंस. मग विचारलंस, "तुझ्या बाला ठावं हाय?" मी म्हणाले, व्हय. तू म्हणालीस, "मंग त्याला सांगू नको मला कळलंय म्हनून. लई मेहनतीनं खोटं बोलून राहिला बिचारा. बोलू दे."

आणि खरंच तू शेवटपर्यंत त्याला कळू दिलं नाहीस. तो "उतरंल" म्हणायचा, तू "व्हय, आज बरं वाटतंय" म्हणायचीस. माझ्या लग्नाची भांडी तू पलंगावरून बोट दाखवून बांधून घेतलीस, काकूला बोलावून तिच्याशी बोलणं सुरू केलंस, म्हशीचं काय करायचं तेही सांगितलंस. सगळी आवराआवर केलीस, कुणाला कळू न देता. कळलं होतं म्हणून करता आली. हे मी मनाला कितीदा तरी सांगत आले आहे.

पण त्या दिवसानंतर तू मला एकही पुस्तक आणायला सांगितलं नाहीस. मी समुद्राचं घेऊन तुझ्याजवळ बसायची. एक पान वाचायची आणि थांबायची, तू "मंग?" म्हणशील म्हणून. तू डोळे मिटून पडलेली असायचीस. खोकून बघायची. तू म्हणाली नाहीस. ज्या बाईला चंद्रावरची हवा पाहिजे होती, मधमाशीचं घर कुणी बांधलं हे पाहिजे होतं, तिला आता काहीच नको होतं. एवढी वर्षं मला कोणीही विचारलं तर मी ठामपणे सांगते की आजारी माणसाला खरं सांगावं, त्याचा तो हक्क आहे. गावात दोनदा मी सांगितलंही आहे, शिव्या खाऊन. पण तुला मला एवढंच विचारायचं आहे, माय, की ते पान ऐकल्यावर तुझ्यात काय विझलं? ते दुखण्यानं विझलं का माझ्या वाचण्यानं? तू मागितलंस म्हणून मी दिलं. मी चूक केली असं मला वाटत नाही. मला नुसतं कळून घ्यायचं आहे, आणि सांगणारी तू एकटीच होतीस.

एवढं लिहून होतंय तोवर पोरगं शेतातून आलं. पाय धुतले, ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसलं. कागद दिसला तरी काय लिहायलीस म्हणून विचारलं नाही, खाली बघतच म्हणाला, "आई, परवा नांदेडला जाऊन येऊ. एक मशीनीतली तपासणी राहिली म्हनून राहिले डॉक्टर. काही न्हाई, आपली खात्री." त्याच्या मानेवरची शीर उडत होती. विचारायला याच्याहून चांगली वेळ कोणती? घरात सून नव्हती, तो माझ्या हाताच्या अंतरावर होता, आणि मी ठरवलं असतं तर एका वाक्यात त्याच्याकडून काढून घेतलं असतं. सरपंचाला भर सभेत विचारणारी बाई आहे मी. मी तोंड उघडलं.

"डब्यात काय घ्यायचं?" म्हणाले.

तो माझ्याकडं बघायला लागला. मग म्हणाला, "पिठलं भाकर घे," आणि घाईनं उठून गोठ्याकडं गेला. तो गेला तसा मला इतका हलका श्वास आला की माझी मलाच लाज वाटली. हे कुणाला सांगणार नाही, आणि हा कागदही चुलीत जाईल. पण माय, तू मनगट धरलंस तो धीर माझ्यात नाही. मला वाटायचं, आहे.