एका रांगेतले खवले

शाहूपुरी, कोल्हापूर
४ मार्च १९७३

ती. अक्का,
जयजिनेंद्र. इथं आम्ही नवराबायको बरे आहोत. विमलानं सांडगे घातलेत. गारगोटीला जाणारं कुणी भेटलं की धाडते म्हणाली. तुझा गुडघा कसा आहे?

दोन वर्षं तू आमच्या घरच्या पाण्याला शिवली नाहीस. मालवणहून मी मासा आणला, तेव्हा दारातच म्हणालीस, "जीव घ्यायचा आन् मग त्याला नाव द्यायचं, ह्यो कुठला धर्म रे नेमू?" मी हसलो होतो.

तो मासा माझ्या करंगळीएवढा. प्रवाळाच्या खडकातून वर आला तेव्हा हिरवागार, अंगावर केशरी पट्टे. फॉर्मलिनच्या बाटलीत पार पांढराफटक पडला. तसला दुसरा कधी मिळाला नाही. गेल्या महिन्यात कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी कळवलं, "कुशीवरच्या रांगेतले खवले पुन्हा मोजा. सत्तावीस भरले तर माहितीतलाच मासा. पंचवीस असतील तर नवा."

एवढंच काम होतं, अक्का.

मी मोजले, पंचवीस. पुन्हा मोजले, अठ्ठावीस. मग तेवीस. माझी विद्यार्थिनी अरुणा हळूच म्हणाली, "सर, मी मोजू काय?"

"मला दिसतंय की!" म्हणून मी खेकसलो, आणि सुईनं एकेक खवला उचकून मोजायला लागलो.

"सर, थांबा! खवले निघायलेत!"

मला भिंगाखाली नुसता धुरळा दिसत होता. माशाची दुसरी बाजू धरतानाच जाळ्यात सोलवटली होती. आता ते खवले कुणालाच मोजता येणार नाहीत. जीव घेतला खरा, नाव काही देता आलं नाही. अरुणा रडली. मी बाटलीचं झाकण लावलं, तेही दोनदा चुकलं.

दिसत नाही हे दिवाळीपासूनच ठाऊक होतं. डोळ्यामागची नस सुकत चाललीय, डॉक्टरांकडं उपाय नाही. विमलाला चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलंय. वर्गात फळ्यावर आठवणीनं लिहितो. पोरं हसतात.

हे पत्र फूटपट्टी धरून अंदाजानं लिहितोय. ओळीवर ओळ चढली असेल. तू मला काय बोलायचं ते बोल, पण विमलाला कसं सांगू? रोज तोंड उघडतो आणि भाजी चांगली झालीय म्हणतो.

उत्तर लिहू नकोस, अक्का. ते मला तिच्याकडूनच वाचून घ्यावं लागेल. तूच ये.

दाराकडं कान लावून बसलेला,
तुझा नेमू