निखाऱ्यावरची सावली

कापडे, मंगळवार, मार्च १९९८

माझ्या नातीला, सुमीला, बघायला महाडहून पाव्हणे आले आणि चहा पिऊन गेले. गेले ते बरंच झालं. मुलाच्या आईनं विचारलं, "कॉलेजात काय करतेस गो?" सुमी म्हणाली, "आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटलेल्या हवेचे फोटो काढते. हवा कुठं दाट, कुठं विरळ, ते आम्ही त्यावरून मोजतो." बाई तोंडाला पदर लावून हसली. "हवेचा कसला फोटो?"

सुमीनं तिला चुलीपाशी नेलं. काचेच्या कौलातून ऊन पडलं होतं. चुलीत नुसते निखारे, धूर नाय. तरी भिंतीवर लाटांसारखी सावली हलत होती. "तापलेली हवा विरळ होते, तिच्यातून जाताना उजेड वाकतो. आम्ही तो वाकलेला उजेड टिपतो."

माझा जन्म त्या चुलीपुढं गेला. ती सावली मी धुराचीच समजत आले.

बाई म्हणाली, "छान आहे हो. पण लग्नानंतर हे बंद." आणि माझा वसंता, पोरीचा बाप, मान डोलावतो! मला राहवलं नाय. म्हटलं, "मग मुलाला दुसरी बघा. आमचं बंद होणार नाय."

जास्त बोलले का? बोलले तर बोलले.

वसंता ओसरीवर फुगून बसलाय. "आये, आता हिला कोण करून घेणार?" सकाळच्या एसटीत सुमीला कॉलेजात जायला मीच बसवणार, बघू कोण अडवतो. मग वसंताला निखाऱ्यापुढं बसवीन. ती सावली दिसेपर्यंत त्याला भाकर नाय.